सात माणसांचा विमा

कारखाना म्हणायची पद्धत होती म्हणून कारखाना म्हणायचं, एरवी त्या दोन खोल्या आणि एक पोटमाळा. दुकानातले बूट ज्या पायांना चालत नाहीत, त्या पायांसाठी तिथे बूट बनायचे. कुणाचा एक पाय दुसऱ्याहून बोटभर आखूड, कुणाचं पाऊल आतल्या बाजूला वळलेलं, कुणाची साखरेच्या दुखण्याने बोटं गेलेली. काम करणारी माणसं सात. त्यांतली एक वहिनी, म्हणजे मालकीण. सासऱ्यांनी हा धंदा उभा केला, नवऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवून नोकरी धरली, आणि हिशेब बरा जमतो एवढ्या एका गुन्ह्याबद्दल धंदा सुनेच्या गळ्यात पडला. तिचा दीर मापं घ्यायचा, माल पोचवायचा. तो तिला वहिनी म्हणायचा म्हणून सगळेच म्हणत. पॉलिश करणारा गृहस्थ तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, पण तोही वहिनीच म्हणायचा, तेही क्वचित, कारण तो मुळात काही म्हणायचाच क्वचित.

मास्तर मात्र तिला सूनबाई म्हणत. ते सासऱ्यांच्या वेळचे. लाकडातून पायाचा साचा घडवणं आणि त्यावर बसेल असं कातडं कापणं, ही दोन्ही कामं त्यांच्याकडे. वय एकोणसाठ. त्यांच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. ती बदलून घ्या, असं डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, पैसे नाहीत. तिथे विषय मिटला. झडप तेवढी तशीच राहिली.

मग एके दिवशी कातडं अर्धं कापून झालेलं असताना मास्तर खाली बसले ते पाऊण तास उठले नाहीत. ओठ निळसर पडले होते. वहिनीनेच त्यांना दवाखान्यात नेलं, आणि त्यामुळे डॉक्टर काय म्हणाले ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं. या वर्षात ऑपरेशन करा, पुढच्या वर्षाचं मी सांगू शकत नाही. खर्चाचा आकडा ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. कारखाना विकला असता तरी तेवढे आले नसते, आणि मग सात जणांनी काय केलं असतं हा प्रश्न वेगळाच.

म्हणून ती विम्याच्या मागे लागली.

आधी तिने मास्तरांच्या एकट्याच्या नावाने चौकशी केली. फोनवरच्या मुलीचा आवाज असा गोड, की जणू लग्नाचं आमंत्रण देतेय. वय विचारलं, वजन विचारलं, काही दुखणं आहे का विचारलं. झडप म्हटल्याबरोबर तिचा सगळा गोडवा आटला. घेतलंच तर जुन्या दुखण्याला तीन वर्षं काही मिळणार नाही, आणि या केसमध्ये घेतील असं वाटत नाही, असं तिने सांगितलं. मग वहिनी बूट-चप्पलवाल्यांच्या संघटनेत गेली. तिथल्या चिटणिसांनी आपल्या योजनेचं तोंड भरून कौतुक केलं. योजनेत दवाखाने दोन, त्यातला एक डोळ्यांचा. आणि वर्षाला मिळणारी जास्तीत जास्त रक्कम अशी, की तिच्यात अर्धी झडप आली असती. अर्ध्या झडपेवर कुणाचं भागत नाही, हे चिटणिसांनाही पटलं. त्यांनी चहा पाजला.

शेवटी दिराच्या ओळखीतून एक पॉलिसीवाला आला. बारका, चटपटीत, बॅगेत कागदांचे गठ्ठे. त्याने कारखान्याला एक चक्कर मारली, माणसं मोजली आणि म्हणाला, "सात ना? मग तुम्ही काठावर का होईना, बसता."

त्याच्याकडची एक कंपनी किमान सात माणसांचा गट घ्यायची. अट एवढीच, की धंद्यातल्या सगळ्यांनी यायचं, कुणाला वगळायचं नाही. मग तपासणी नाही, आणि जुनं दुखणं पहिल्या दिवसापासून धरलं जाणार. वहिनीने हे त्याला तीनदा विचारलं. चौथ्यांदा म्हणाली, कुठे लिहिलंय ते दाखवा. एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं. तिने ते वाक्य बोट ठेवून वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मेख हप्त्यात होती. हप्ता सगळ्यांच्या वयावर ठरायचा, आणि मास्तरांच्या वयाने तो चांगलाच वर चढत होता. निम्मा कारखाना भरणार, निम्मा ज्याच्या त्याच्या पगारातून कापला जाणार. पॉलिसीवाल्याने दुसरीही एक कंपनी दाखवली. ती पाच माणसांपासून घ्यायची, पण पंचावन्नच्या आतली. हप्ता जवळजवळ अर्धा. ज्यांना काही झालेलं नाही, त्यांच्यासाठी सोन्यासारखी. मास्तर तीत बसत नव्हते.

वहिनीचं मन पहिल्या कंपनीवर कधीच ठरलं होतं. पण पगार कापायचा तर ज्याचा कापायचा त्याला विचारलं पाहिजे, एवढी लाज तिला होती. दोन्ही कंपन्यांचे दर शुक्रवारपर्यंतच धरून ठेवतो, असं पॉलिसीवाल्याने बजावलं होतं. म्हणून सोमवारी तिने तक्ता केला.

आता त्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. कुठलंही काम आलं की त्याचं एक कार्ड होई. डावा पाय डाव्या बाजूला, उजवा उजव्या बाजूला, मापं समोरासमोर. जिथे दोन पायांत फरक, तिथे तो फरक लाल पेन्सिलीने कडेला. कार्ड कापायच्या टेबलासमोरच्या फळीवर टाचलं जाई, म्हणजे त्या बुटाला ज्याचा ज्याचा हात लागणार त्या प्रत्येकाला तो लाल आकडा दिसावा. पायाचं काही झाकायचं नाही, हा सासऱ्यांचा दंडक होता. गिऱ्हाईकसुद्धा आपल्या पायाचं व्यंग तिथे लाल अक्षरात बघायचं आणि त्याला काही वाटायचं नाही. वाटलं तर उलट बरं वाटायचं, की चला, यांनी नीट मोजलंय.

वहिनीने विम्याचा तक्ता तसाच केला. हाताला तेच वळण. डावीकडे सात जणांची कंपनी, उजवीकडे सहा जणांची. खाली एकाखाली एक सात ओळी, प्रत्येकाच्या पगारातून काय कापलं जाईल ते समोरासमोर, आणि कडेला फरक, लाल पेन्सिलीने. मास्तरांच्या ओळीत उजवीकडे नुसती एक आडवी रेघ. मंगळवारी दुपारी तिने तो फळीवर टाचला, एका शिक्षिकेच्या आखूड पायाच्या कार्डाशेजारी, आणि आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेरच्या खोलीत गेली. आपण काही वावगं केलंय असं तिच्या मनातही आलं नाही. तक्ता स्वच्छ होता, खरा होता. आकडे तिने दोनदा तपासले होते.

पहिला वाचायला आला पैलवान. तो तळवे बसवायचा. सव्वीस वर्षांचा, रोज सकाळी व्यायामशाळेत जाणारा, आणि आपल्याला कधी काही होणार नाही याबद्दल ठाम. कमरेवर हात ठेवून त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"म्हणजे मास्तर नसले तर माझे एवढे वाचतात?"

त्यात खोट काही नव्हती. बाजारात भाव विचारावा तसं विचारलं. शिलाई यंत्रांवर एकमेकींच्या जावा असलेल्या दोघी बसायच्या, थोरली आणि धाकटी. थोरलीने यंत्र थांबवलं आणि म्हणाली, "वाचता येतं ना? मग मनात वाच की."

"मी काय वाईट बोललो?"

"बोललास हेच," धाकटी म्हणाली.

मास्तर तिथेच, दोन हातांवर, कातडं कापत होते. त्यांनी मान वर केली नाही. काप पुरा केला, तुकडा उचलून उजेडाला धरून बघितला, आणि खाली ठेवला. हे सगळं वहिनीला नंतर कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी, कारण सांगणाऱ्या प्रत्येकाला त्यातला आपला भाग वगळायचा होता.

बुधवारी मास्तर आले नाहीत. तक्त्यावर त्यांच्या ओळीवरून पट्टीने मारलेली एक सरळ रेघ होती. काम पुरं झालं की कार्डावर ते मारत तशीच. त्यांची रापी, म्हणजे कातडं कापायची सुरी, पुसून फडक्यात गुंडाळून ठेवलेली. टेबलावर चिठ्ठी होती. "सूनबाई, सहा जणांचं करून टाक. माझी बेरीज वाढवते. शिक्षिकाबाईंचा साचा तयार आहे. घरी कामं फार साठली आहेत, आता येणं जमणार नाही."

वहिनीने चिठ्ठी वाचली, तक्त्याकडे बघितलं, आणि आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. त्या माणसाने सदतीस वर्षं लाल आकडा बघितला होता आणि दिसला की त्याचा बंदोबस्त केला होता. तिने त्यांना त्यांचाच आकडा काढून भिंतीवर लावून दिला होता. तिला स्वतःची अशी चीड आली की तिने तक्ता ओढून काढला. त्यात कोपरा फाटला.

दुपारच्या चहाला तिने सगळ्यांना आतल्या खोलीत बोलावलं. चिठ्ठी मोठ्याने वाचली.

दीर आधी बोलला. "वहिनी, राग मानू नको. पण त्यांनी स्वतःहून सांगितलंय, लेखी दिलंय. आपण काढलं नाही त्यांना."

"भावजी, तुमचं पहिलं काम त्यांनी तुम्हाला हात धरून शिकवलं."

"ते मी कुठे नाकारतो? मी फक्त म्हटलं."

"'फक्त म्हटलं' म्हणत म्हणतच तर ही वेळ आली."

जावाजावांचं गेल्या अकरा वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरूनही त्यांची दर आठवड्याला जुंपायची. थोरली म्हणाली, "माझे कापा. जास्तीचे असले तरी कापा." धाकटी म्हणाली, "मी हेच बोलणार होते, पण ही मला आधी बोलू देईल तर ना!" आणि ते एकमत तेवढ्यावर संपलं.

पैलवान कोपऱ्यात उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. "वहिनी, आखूड पाय आला की आपण काय करतो?" तो म्हणाला. "त्याच्या तळव्याखाली भर घालतो. चांगला पाय कापत नाही, आणि आखूडवाल्याला घरीही पाठवत नाही. मी रोज तेच करतो. रोज! आणि काल माझ्या डोक्यात ते आलं नाही."

पॉलिश करणारा गृहस्थ कप ठेवून उठला. "सही कुठे करायची ते दाखवा," तो म्हणाला. त्या आठवड्यातलं हे त्याचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

सहा सह्या झाल्या. सातवी राहिली.

गुरुवारी दुपारी वहिनी मास्तरांच्या घरी गेली. घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक लाकडी खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. ती कुणासाठी ते विचारायची गरज नव्हती. वहिनीही क्षणभर तिथे थांबली, दम लागला म्हणून नव्हे.

दार काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, उघडलं. त्यांच्या खांद्यावर वाळलेले कपडे होते. "या, बसा. हे आहेत खिडकीपाशी. कालपासून तिथेच आहेत," त्या म्हणाल्या आणि घड्या घालायला आत गेल्या. मास्तर खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, हातांत काही नाही. घरी साठलेली कामं कुठे दिसत नव्हती. रिकाम्या हातांचे मास्तर वहिनीने आजवर पाहिले नव्हते.

"काका, मी चुकले," ती बसता बसता म्हणाली. "तो तक्ता तसा लावायला नको होता."

"तक्ता बरोबर होता. आकडे मी तपासले."

"सगळ्यांनी सह्या केल्यात. सात जणांच्या कागदावर. हे बघा."

त्यांनी कागद घेतला, लांब धरून वाचला. पैलवानाच्या सहीपाशी थोडे थांबले. "पोरगं तापट आहे, पण हात चांगला आहे त्याचा," म्हणाले आणि कागद परत दिला. "नको, सूनबाई. सहा जणांनी माझ्यासाठी दर महिन्याला पदरमोड करायची, हे मला पचणार नाही."

"ते तुमच्यासाठी नाही, स्वतःसाठी करतायत. धाकटीला मूल हवंय, दोन वर्षं झाली. भावजींच्या पाठीचा मणका सरकलाय, ते कुणाला सांगत नाहीत. उद्या त्यांनाही लागेल."

"मग त्यांना स्वस्तातलं मिळतंय ना."

"स्वस्तातल्यात जुनं दुखणं तीन वर्षं धरत नाहीत. मणका जुना आहे."

मास्तर थोडे हलले. "माझं वय झालं. साठीला आलो. माझ्यावर खर्च करून काय मिळायचं?"

"काका, शिक्षिकाबाईंचा साचा तुम्ही केलात. पुढचा कोण करणार? मी?"

"शिकेल कुणीतरी."

"शिकवायला माणूस लागतं. आणि पहिल्या दिवसापासून पैसे मिळणार आहेत. एकोणिसावं पान. मी चार वेळा वाचलंय. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पॉलिसी सुरू, दुसऱ्या आठवड्यात तुम्ही भरती होऊ शकता. डॉक्टरांशी बोलून आलेय मी. एक पैसा कुणाकडे मागायचा नाही."

ती एकेक मुद्दा खोडत गेली. हिशेबात ती कुणाला हार जात नसे, आणि तिला वाटत होतं की हा हिशेबच आहे. मास्तरांकडची कारणं संपत आली. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग दाराकडे, मग स्वतःच्या हातांकडे. कपाळावर घाम आला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, आणि आवाज खाली आला. "तू सगळं बरोबर सांगतेस. म्हणूनच तर पंचाईत आहे."

"कसली?"

"छाती फाडतात ना ते."

वहिनीने हातातला कागद मांडीवर ठेवला.

"हाड कापतात. करवतीने. मी लाकूड कापतो रोज, मला माहीत आहे करवत कशी चालते. मग हृदय थांबवतात. तासभर, दोन तास. थांबवतात म्हणजे बंदच करतात." ते बोलत होते ते जणू दुसऱ्याच कुणाबद्दल. "डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं, तीन वर्षांपूर्वी. त्या दिवसापासून मला ते चित्र दिसतं. मी म्हटलं, पैसे नाहीत. खरंच नव्हते. पण बाई, नव्हते ते किती बरं होतं! पैसे नाहीत म्हटलं की कुणी पुढे बोलत नाही. तुझ्या त्या एकोणिसाव्या पानाने माझी ती सोय काढून घेतली. आता मी काय सांगू? भितो, असं सांगू?"

वहिनीच्या तक्त्यात दोन कंपन्या होत्या, वयं होती, हप्ते होते. या माणसाला तीन वर्षं रोज भीती वाटत असेल, यासाठी तिने कुठेही जागा ठेवलेली नव्हती. तिला त्यांची दया आली, आणि आपली लाज वाटली.

काकू आतल्या दारात उभ्या होत्या. हातात घडी घातलेला सदरा. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

"मी भावाकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "पैसे मागायला. दोनदा. तुम्हाला सांगितलं नाही."

मास्तरांनी मान वळवली.

"दुसऱ्या वेळेला तो नाही म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याच्याकडे नव्हतेच. पण मी त्याला नाही नाही ते बोलले. माझा नवरा मरतोय आणि तू बघत बसलास, म्हटलं. दोन वर्षं झाली, त्याचं तोंड बघितलेलं नाही मी. एकुलता एक भाऊ माझा." त्यांचा आवाज चढला नाही, फक्त जाड झाला. "आणि तुम्ही भीत होतात?"

"हो," मास्तर म्हणाले.

"पैशांचं काहीच नव्हतं."

"पैशांचंही होतं. पण मिळाले असते तरी मी दुसरं काहीतरी काढलं असतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. वहिनीला वाटलं आपण उठावं, पण उठायलाही धीर होईना. काकूंनी सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकला, आल्या आणि नवऱ्यासमोर खाली जमिनीवरच बसल्या.

"रोज रात्री मी तुमचा श्वास मोजते," त्या म्हणाल्या. "एक चुकला की उठून बसते. तुम्ही झोपलेले असता. तीन वर्षं. मला नाही भीती वाटत? मला तुमच्याहून जास्त वाटते, आणि मी कुणाला सांगू? सही करा."

मास्तरांनी वहिनीकडे हात केला. तिने कागद दिला, पेन दिलं. खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून त्यांनी सातव्या ओळीत सही केली. मग पेन तसंच हातात धरून बसले.

"तुझ्या भावाला फोन कर," ते म्हणाले. "सांग त्याला, त्याचं काही चुकलं नाही. माझा नवरा भित्रा निघाला म्हणावं."

"मी नाही सांगणार," काकू म्हणाल्या. "ऑपरेशन होऊन घरी आलात की तुम्ही स्वतः त्याच्या दारात जाऊन सांगायचं."